कांजिण्यांचा खड्डा

आमची लेक गेली त्या वर्षी ह्यांनी तिचा चेहरा मातीत घडवला आणि ब्राँझमध्ये ओतून घेतला. तो कलासंग्रहालयाने काचेत ठेवला. पुढे शुगरने ह्यांची नजर नेली आणि लेक दुसऱ्यांदा गेली. अंधांसाठी स्पर्शदालन उघडतंय म्हटल्यावर हे सकाळी सहालाच दाढी करून बसले. तिथे संग्रहालयाच्या मॅडमनी ह्यांचे हात धरून फायबरच्या हुबेहूब प्रतीवर ठेवले. "लावा हात, काका. तुमचीच आहे." ह्यांची बोटं कपाळावरून उतरली, डाव्या भुवईपाशी थांबली, वर गेली, पुन्हा उतरली. "ही कोण?" ह्यांनी मला विचारलं. "आपलीच," मी म्हणाले. "मग खड्डा कुठाय?" लेकीच्या भुवईवर लहानपणीच्या कांजिण्यांचा खड्डा होता, मातीत तो ह्यांनी करंगळीच्या नखाने पाडला होता. मॅडम खुशीत म्हणाल्या, "तो होय! कारागिराला वाटलं, साचाच खराब आलाय. खड्ड्यात पुट्टी भरून, घासून एकदम गुळगुळीत केलंय. कुणाच्या बोटाला काही टोचायला नको." चार पावलांवर काचेत मूळ चेहरा होता, खड्ड्यासकट. मला तो दिसत होता. "ती काच एकदा उघडाल?" मी विचारलं. "काकू, मूळ कलाकृतीला हात लावता येत नाही. डोळस काय, अंध काय, नियम सगळ्यांना सारखाच." त्या गुळगुळीत भुवईवर ह्यांनी करंगळीचं नख टेकवलं आणि सगळा जोर लावला. फायबर दबलं नाही. नख उलटलं.