सोनूबाईंची सही

मुलुंडच्या त्या चाळीतल्या सगळ्यांच्या सह्या बिल्डरला हव्या होत्या आणि अडली होती ती एकट्या सोनूबाईंची. चाळ कमिटीचा सेक्रेटरी अंबादास रोज त्यांच्या दारात जाऊन उभा राही. "मावशी, टॉवर होतोय, लिफ्ट येतेय, संडास घरातच मिळतोय. आमची वाट नका ना लावू." त्या नुसती नकारार्थी मान हलवत. शेवटी बिल्डर कंटाळला आणि त्याने शेजारची चाळ घेतली. अंबादासच्या जिवाची नुसती तगमग झाली. सोनूबाईंशी त्याने बोलणंच टाकलं.

आता शेजारच्या चाळीच्या जागी पाण्याने भरलेला खड्डा आहे. बिल्डर गायब झालाय, त्याच्याकडून मिळणारं भाडं बंद पडलंय आणि तिथली माणसं कुठे कुठे पांगलीत. काल अंबादास खाली मान घालून सोनूबाईंकडे गेला.

"मावशी, तुमच्यामुळे आमच्या डोक्यावर छप्पर राहिलं. हा माणूस टॉवर बांधणार नाही, हे तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"मला कुठलं कळतंय रे? टॉवर होईल असंच मलाही वाटायचं."



सोनूबाई दाराकडे बघत पुढे म्हणाल्या, "पण आमचा मुलगा प्रितम भांडून घर सोडून गेलाय ना, तो परत आला तर त्याला हीच खोली ठाऊक आहे."