ज्ञानेश्वरीच्या मनगटावरचा आकडा

सुदर्शननं घड्याळ उचललं आणि काउंटरवर दाणकन आपटलं. एकदा आपटून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा आपटलं. दुकानदार बिलालनं आधी डोळे मिटले, मग हसून म्हणाला की आपटा बिनधास्त, हे काही लेचंपेचं घड्याळ नाही, पाण्यात बुडवा नाहीतर चिखलात लोळवा. काचेवर खरोखरच ओरखडा नव्हता. जयसिंगला लय बरं वाटलं. होणारा जावई वस्तू पारखून घेणारा निघाला होता.

लग्न तोंडावर आलेलं. बायका शिरूरच्या बाजारपेठेत बस्त्याला बसल्या होत्या, आणि नवरदेवाचं घड्याळ हा मुलीच्या बापाचा मान, म्हणून जयसिंग त्याला घेऊन इथं आला होता. स्थळ कासुर्डीचं. पोरगा कंपनीत सुपरवायझर, सकाळ-संध्याकाळ जिम, सुट्टीच्या दिवशी सायकलवर घाट चढणारा. सोनेरी पट्ट्याचं नाजूक घड्याळ त्याला कसं चालावं? त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं की द्यायचंच तर दणकट स्मार्टवॉच द्या, जिमलाही चालेल आणि कंपनीतही. वर ज्ञानेश्वरीलाही सोबत आणायला लावलं होतं. होणाऱ्या बायकोची पसंती विचारणारा जावई! कवठे येमाईला परतल्यावर ही गोष्ट कुणाकुणाच्या कानावर घालायची, हे जयसिंगनं मनात ठरवूनही टाकलं होतं.

ज्ञानेश्वरी मात्र दुकानात आल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती. बघायच्या कार्यक्रमातही ती बोलली नव्हती. घरभर पाहुणे बसलेले, त्यांच्यादेखत जयसिंगनं पोरगा पसंत आहे का म्हणून विचारलं आणि तिनं मान खाली घातली. आता पोरीनं मान खाली घातली की आपल्याकडं पेढेच वाटतात. जयसिंगनंही वाटले.

सुदर्शननं काळ्या पट्ट्याचं घड्याळ चढवून आपली नाडी बघितली. आकडा शांत होता. बिलाल म्हणाला, वा, पैलवानाचं काळीज आहे. सुदर्शन खूश झाला. "आता हिचं बघू," म्हणत त्यानं ज्ञानेश्वरीचा हात ओढला आणि हिरव्या पट्ट्याचं घड्याळ तिच्या मनगटावर स्वतःच आवळून बांधलं. खालचा दिवा लुकलुकला. आकडा उमटला आणि बघता बघता शंभराच्या वर गेला.

बिलालला मस्करीची उबळ आली. वहिनी उभ्या जागेवर पळायला लागल्या की, असं तो म्हणाला. सुदर्शन मिशीत हसला. जयसिंगही पोट धरून हसला. पोरगी लाजली, दुसरं काय? चांगलंच लक्षण की.

तेवढ्यात सुदर्शनला फोन आला. रस्त्यावरच्या हॉर्नच्या गोंगाटात तो एका कानात बोट घालून बाहेर पडला. घड्याळाचं तोंड जयसिंगकडं होतं. आकडा हळूहळू उतरला. घरी निवांत बसलेल्या माणसाचा असावा इतका उतरला. जयसिंगला गंमत वाटली. मग सुदर्शननं दारातून डोकं आत घातलं, "मामा, काळंच फायनल करा," म्हणाला आणि पुन्हा गेला. त्याचं डोकं दिसताच आकडा पुन्हा उसळला होता, आणि तो गेला तरी उसळलेलाच होता. ज्ञानेश्वरीनं दुसऱ्या हातानं ओढणी घट्ट धरली होती, आणि तिच्या ओठांचा रंग पार उडाला होता.

जयसिंगचं हसू जागच्या जागी विरलं. ही लाज नव्हती. शेवंतीच्या वावरात साप निघाला होता तेव्हा पोरीचं तोंड असंच झालं होतं. साखरपुड्यानंतर ती सुदर्शनबरोबर भुलेश्वरला जाऊन आली, डोकं दुखतंय म्हणून न जेवता झोपली, ते त्याला आता आठवलं. उन्हाचं झालं असेल म्हणून त्यानं सोडून दिलं होतं. अरे देवा, पत्रिका वाटून झाल्या आणि आपण कुणाच्या हातात पोरगी देतोय!

बिलाल काळ्या घड्याळाचा नवा खोका काढायला आतल्या खोलीत गेला. जयसिंगनं ठरवून टाकलं. पत्रिका गेल्या खड्ड्यात, भावकी काय म्हणायचं ते म्हणू दे. आपल्या पोरीला आपल्याशिवाय कोण आहे? एवढ्या वेळात ती जरा सावरली होती, आकडाही बराच खाली आला होता. तो झपाझप तिच्याजवळ गेला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"त्यानं काय केलं तुला? बोल."

मनात माया होती, पण आवाज त्याचा नेहमीचाच होता. या आवाजावर घरातला टीव्ही बंद व्हायचा, ताटावरचं बोलणं थांबायचं. पोरीवर त्यानं जन्मात कधी हात उगारला नव्हता आणि त्याचा त्याला अभिमान होता.

घड्याळातला आकडा सरसर चढायला लागला.

आला वाटतं मेला, म्हणून जयसिंगनं गर्रकन दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं. सुदर्शन पार रस्त्याच्या पलीकडं, पाठमोरा, फोनवर बोलत होता. जयसिंगनं परत घड्याळाकडं पाहिलं. आकडा अजून चढतच होता. दुकानात बाप आणि लेक, दोघंच होती.

त्याची नजर तिच्या खांद्यावरच्या आपल्या हातावर गेली.

ज्ञानेश्वरीनं मान वर केली. खांद्यावरचा त्याचा हात तिनं हळूच खाली काढला.

"सांगते, आबा," ती म्हणाली. "तुम्ही जरा लांब उभं ऱ्हावा. मंग सांगते."