आठवीचा फॉर्म

गंधालीची शाळा सातवीपर्यंतच होती. गोरेगावच्या एका हायस्कूलचा आठवीचा फॉर्म भरताना ‘पाल्याला शिकण्यात काही अडचण आहे का?’ या प्रश्नापुढे तिच्या बाबांनी, मुकुलने, ‘नाही’ लिहिलं. तिला अक्षरं उलटसुलट दिसतात, वाचायला जास्त वेळ लागतो, असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट त्याने कपाटातच ठेवलं. “तिथे कुणाला काही बोलू नकोस हं,” त्याने तिला बजावलं.

मुलाखतीत मुख्याध्यापिकाबाईंनी तिला एक उतारा वाचायला दिला. दुसऱ्याच ओळीत ती अडखळली आणि बाबांकडे बघू लागली. बाईंनी खोदून विचारलं, तेव्हा मुकुलला सगळं सांगावं लागलं.

“अहो, लपवलंत कशाला? अशा मुलांसाठी आमच्याकडे खास शिक्षिका आहेत. फॉर्मवर लिहिलं असतंत, तर हिला आधी घेतलं असतं. त्यांच्याकडच्या जागा सोमवारीच भरल्या.”

मुकुलला मान वर करवेना. तो कसाबसा उठला.



गेटबाहेर आल्यावर गंधालीने त्याचा हात धरला. “सॉरी बाबा, माझ्यामुळे तुला ओरडा खायला लागला.”