आकृती सात : ज्वारीची उंची

तिसऱ्या रॅकचा खालचा कप्पा रिकामा होता. छबूबाईने खाली बसून हात पार आतपर्यंत घातला. धुळीशिवाय काही लागलं नाही. चौथा रॅक रिकामा, पाचवाही रिकामा.

केरसुणी तिथेच टाकून ती थेट सुकन्या मॅडमच्या टेबलाशी गेली.

“मॅडम, तकडची पुस्तकं कुटं गेली वो?”

सुकन्या मॅडम विद्यापीठाच्या ग्रंथालयात नव्या. पोरगी गुणाची, पण संगणकाचा विषय निघाला की थांबायची नाही. “जुने प्रबंध ना मावशी? सगळे स्कॅन झाले! आता जगात कुठेही बसून वाचता येतील. कागद वाळवीने खाल्ले होते, ते परवाच टेम्पोने लगदा करायला कारखान्यात गेले.”



“त्यात माजी आई हुती,” छबूबाई म्हणाली.

आता हे त्या पोरीला कसं कळावं! चांगुणा, छबूबाईची आई, याच विद्यापीठाच्या शेतावर रोजाने खुरपायला यायची. एका साली जोंधळा असा माजला की माणूस आत शिरलं तर दिसेना. कुणी साहेब डिग्रीसाठी त्याचा अभ्यास करत होते. उंची कळावी म्हणून त्यांनी चांगुणाला ताटाशेजारी उभं केलं. छबू तेव्हा एवढीशी, बांधावर बसलेली. आईने पदर सारखा केला, घाम टिपला, पण कपाळावरचं कुंकू फिसकटू दिलं नाही, आणि श्वास धरून उभी राहिली. “आले का वो मी चांगली?” तिने विचारलं. “बाई, फोटो तुमचा नाही, जोंधळ्याचा काढलाय,” साहेब म्हणाले. चांगुणा लाजून हसली आणि पुन्हा खुरपायला बसली. पुढची दिवाळी तिने पाहिली नाही. नवऱ्याआधी गेली. तिचा दुसरा फोटो कुणी काढलाच नव्हता.

छबूबाई ग्रंथालयात झाडायला लागली त्याला वीस वर्षं झाली. पहिल्याच वर्षी धूळ झटकताना हिरव्या पाठीचं एक जाडजूड पुस्तक हातातून निसटलं, उघडं पडलं, आणि बघते तर आई! कोपऱ्यात बसून त्या दिवशी ती पोटभर रडली. तेव्हापासून दर पितृपक्षात, अविधवा नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्या बायांच्या दिवशी, ती पदराच्या गाठीत चिमूटभर कुंकू बांधून आणायची. आजूबाजूला कुणी नाही असं बघून बोट आईच्या कपाळाला टेकवायची आणि पुस्तक जागच्या जागी ठेवून द्यायची. वीस वर्षांत त्या पुस्तकाला दुसऱ्या कुणी हात लावला असेल तर शपथ.

आज नवमी होती. कुंकवाची गाठ पदराला तशीच होती. छबूबाईने रडत रडत यातलं सगळं सांगितलं, फक्त कुंकवाचं तेवढं सांगितलं नाही. सरकारी पुस्तक खराब केलं म्हणून बोलणी बसली असती.

“रडू नका. कागद गेला तरी आत सगळं आहे,” सुकन्याने संगणक पुढे ओढला. “प्रबंध कुणाचा? नाव?”

“न्हाई ठाव. मला कुटं वाचता येतंय? तिसरं रॅक, खालचा कप्पा, हिरवी पाठ.”

“ते इथे नसतं हो. विषय?”

“जोंधळा.”

सुकन्याने टाइप केलं. “तीनशे बारा प्रबंध आहेत, मावशी.”

“त्यातली येक माजी आई हाय,” छबूबाई म्हणाली.

सुकन्या एकेक उघडत गेली. कणसं, मुळं, आलेख, आकडे. तासभर झाला. डोळे चोळत तिने विचारलं, “त्या पानाची काही खूण? फाटलेलं, दुमडलेलं?”

छबूबाईने मान खाली घातली. पदराची गाठ मुठीत आवळली. “लाल हाय,” ती पुटपुटली. “कपाळावर. मीच लावलंय. कुंकू. दर नवमीला.”

सुकन्याने झटक्यात दुसरी यादी उघडली. स्कॅन करणाऱ्यांनी खराब म्हणून बाजूला काढलेली पानं होती ती. “पान त्रेसष्ट, लाल डाग,” ती वाचत म्हणाली आणि पान उघडलं.

करडा जोंधळा, करडं आभाळ, करडी बाई. आणि तिच्या कपाळावर वीस नवम्यांचं लालभडक कुंकू.

“आई गं!” छबूबाईच्या तोंडून निघालं. “केवडीशी पोर हुती वो. माज्या लेकीपरीस ल्हान दिसती.”

“खाली लिहिलंय,” सुकन्या हळू आवाजात म्हणाली. “आकृती सात. ज्वारीची उंची. शेजारी मजूर.”

पानाखाली एक चौकट तिच्या उत्तरासाठी थांबलेली होती. डाग काढून टाकायचा का? तिने ‘नाही’वर बोट दाबलं. संगणकाने कारण मागितलं.

“मावशी, आईचं नाव काय?”

“चांगुणा.”

सुकन्याने टाइप केलं आणि वाचून दाखवलं. “डाग नाही. चांगुणाबाईंचं कुंकू आहे.”

छबूबाईने डोळे पुसले. पदराची गाठ सोडली. कुंकवात बुडवलेलं बोट घेऊन ती तशीच अवघडून उभी राहिली.

“मॅडम, आन् आजचं कुटं लावू?”

सुकन्याने ओढणीने स्क्रीनवरची धूळ पुसली आणि खुर्ची मागे घेतली.