हलकी दारू

टेक्ससमधल्या नेमबाजी क्लबात वृंदाची गोळी पुन्हा एकदा निशाण म्हणून उभ्या केलेल्या लोखंडी मेंढ्याला अचूक लागली. ठण्ण आवाज झाला, पण मेंढा काही पडला नाही. आणि पाडल्याशिवाय गुण मिळत नव्हते.

"माझंच काहीतरी चुकतंय," ती नेहमीसारखं म्हणाली. काडतुसं संपली, म्हणून तिनं नवऱ्याच्या, शशांकच्या डब्यातली उचलली. दोघांची रिव्हॉल्व्हरं सारखीच होती. शशांक "थांब" म्हणेपर्यंत बार उडाला. हाताला जबर झटका बसला आणि मेंढा उताणा झाला. पाठोपाठ दुसराही.

दोघांच्याही गोळ्या शशांकच घरी शिसं वितळवून ओतायचा, काडतुसांत बंदुकीची दारूही तोच भरायचा. वृंदा वळली.

"माझ्या काडतुसांत वेगळी दारू भरतोस?"

"हलकी भरतो. तुझं मनगट दुखेल म्हणून."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून."

"आणि वर मी हरले की नेम सुधारायला सांगायचास?"

शशांक डब्याचं झाकण लावू लागला. मनगटाची काळजी सुरुवातीला खरी होती. पुढे त्याला बायकोपेक्षा जास्त मेंढे पाडायची सवय लागली होती.

"घरी गेल्यावर भरायला शिकवतो तुला," तो पुटपुटला.

"शिकेन मी," वृंदा म्हणाली, "पण तुझ्याकडून नाही."