इक्बालचे निरोप

भूजल सर्वेक्षणातली नोकरी सोडून नऊ वर्षं झाली, तरी शर्वरी केंजळेला जुन्या सहकाऱ्याचे, इक्बाल मुल्लाचे निरोप नेमाने येत. बढतीला अभिनंदन, वाढदिवसाला शुभेच्छा. आई गेली तेव्हा आलेला निरोप तर तिने कितीदा तरी वाचला होता. त्याला एकदा भेटावं, असं तिला फार वाटे. सोलापूरला काम निघालं, तशी ती थेट त्याच्या ऑफिसात गेली.

इक्बाल आनंदाने उठलाच. "शर्वरी! किती वर्षांनी! आई कशा आहेत? अजून धपाटे करतात का?"

ती दारातच थांबली. "आईला जाऊन चार वर्षं झाली. तू लिहिलं होतंस मला."

त्याचा चेहरा उतरला. "माझ्या फोनमधल्या संपर्कदूताने लिहिलं असेल. ओळखीच्या सगळ्यांना माझ्या नावाने तोच लिहितो. मला कळलंच नाही गं."

त्या निरोपाला उत्तरही तिच्या दूतानेच दिलं होतं. आता निघावं, असं तिला वाटलं. पण इक्बालने खुर्ची पुढे ओढली. "बस. काय झालं होतं त्यांना?"

चार वर्षांत हे तिला कोणीच विचारलं नव्हतं. शर्वरी बसली आणि पहिल्या तापापासून सांगू लागली.