गोरक्षची नाडी

सायरन वाजायला अवकाश होता, तरी गोरक्ष प्रेस मशीनशेजारी आडवा झालासुद्धा. मॉक ड्रिलमधला बेशुद्ध माणूस दरवर्षी तोच. चाकणच्या त्या कंपनीत हा मान त्याला उजव्या हातामुळे मिळाला होता. मनगटावर जिथे नाडी लागायला हवी, तिथे त्याची लागतच नसे. नवा माणूस बोटं ठेवायचा, त्याची पाचावर धारण बसायची आणि अख्खं शॉप पोट धरून हसायचं.

गेल्या वर्षी फसली ती वर्षाराणी. सेफ्टी विभागात नुकतीच रुजू झालेली. "अहो, गेला हा!" म्हणून ती खरोखर किंचाळली होती. तेव्हापासून कँटीनमध्ये ती दिसली की कुणीतरी मान टाकून दाखवायचं. कारखान्यात एकदा विषय मिळाला की वर्षभर पुरतो. तिला ते फार लागलं होतं. यंदा हसू करून घ्यायचं नाही, हे तिने पक्कं ठरवलं होतं.

तिने कंपनीच्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, एखाद्याची धमनी मनगटाच्या पुढून न जाता अलीकडेच वळते आणि अंगठ्यामागून जाते. आजार नव्हे, घडणच तशी. मग गोरक्षला बसवून तिने ती जागा शोधली. अंगठ्याच्या मुळामागच्या खळग्यात नाडी चांगली ठणठणीत उडत होती.

"कुणाला सांगू नगा, ताई. आमची गंमत जाईल," गोरक्ष म्हणाला होता.

सायरन वाजला. वर्षाराणी धावत आली आणि गोरक्षशेजारी गुडघ्यांवर बसली. भोवती कोंडाळं जमलं. लाइन लीडर रणजीतने शूटिंगसाठी मोबाइल काढला.

"यंदा ॲक्टिंग जोरात हाय भावाची," तो म्हणाला. "घाम बी आणलाय बघा."

"सकाळपासनं त्याच तयारीत हाय," मागून कुणीतरी बोललं. "चहा बी घेतला न्हाई."

वर्षाराणीने मनगटावर बोटं ठेवली. काही नाही. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. ती हसली. रणजीतकडे बघत, सावकाश, अगदी थाटात तिने बोटं अंगठ्यामागच्या खळग्यात नेली.

तिने ती दाबली. पुन्हा दाबली. मग मानेवर नेली. तिथेही काहीच नव्हतं.

"ड्रिल थांबवा! खरी ॲम्ब्युलन्स बोलवा!" ती ओरडली आणि दोन्ही हात रोवून त्याची छाती दाबू लागली.

शॉपमध्ये एकच हशा पिकला. ती दाबतच राहिली.